चौकोन हलला ती दुपार

मित्रांनो, मी आता जुना झालो आहे, हे माझ्याकडे नुसतं पाहिलं तरी कोणीही सांगेल. माझी पेटी एके काळी पांढरी होती. आता ती पिवळट पडली आहे. कीबोर्डवरची तीन-चार अक्षरं बोटांनी पार पुसून टाकली आहेत. मी एक संगणक आहे, आणि किरगिझस्तानातल्या कोचकोर गावात, एका घरात, खिडकीजवळच्या टेबलावर राहतो.

माझा जन्म बिश्केकच्या एका तळघरातल्या दुकानात झाला. निरनिराळ्या देशांतून आलेले माझे भाग एका अबोल कारागिराने एकत्र जोडले. त्याने मला बेताचीच मेमरी दिली आणि म्हणाला की पोस्टाच्या कामाला एवढी पुरे. ते खरंच होतं. कोचकोरच्या पोस्टात मी पंधरा वर्षं राबलो. पार्सलं, पत्रं, म्हाताऱ्यांची पेन्शनं, सगळं माझ्यातून गेलं. माझ्यासमोर बसायच्या अनारकुल एजे. एजे म्हणजे ताई. सगळं गाव त्यांना तसंच म्हणे. दर शुक्रवारी काम संपलं की त्या मऊ फडक्याने मला पुसत. बाहेरगावचे साहेब आले की पोस्टमास्तर माझ्याकडे बोट दाखवून सांगत, की याने कधी एक पार्सल चुकवलं नाही. खरं तर ते श्रेय एजेंचं होतं, पण मला बरं वाटायचं.

मग नवीन संगणक आले. मला मागच्या कोठीत, रिकाम्या पोत्यांखाली ठेवलं. तिथे मी दोन हिवाळे काढले. उंदरांनी माझी एक वायर कुरतडली. कोणी दार उघडलं की मला वाटे, आता मला न्यायला आले. पण लोक पोती घेऊन जात. शेवटी एजे निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाला काय देऊ असं पोस्टमास्तरांनी विचारलं. त्यांनी मला मागून घेतलं. लोकरीच्या जाड नमद्यात गुंडाळून, शेजाऱ्याच्या गाडीतून मी त्यांच्या घरी आलो.

एजेंचे यजमान कुबात. सव्वीस वर्षं त्यांनी डोलॉनच्या घाटातून ट्रक चालवला. कोळसा, पीठ, मेंढ्या, जे मिळेल ते घाटापलीकडे नारीनला नेलं आणि तिकडचं इकडे आणलं. मी घरात आलो त्याच ऑक्टोबरात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. बोलणं थोडं जड झालं, पाय हळूहळू सावरला, पण उजवा हात मांडीवर पडून राही, जणू दुसऱ्या कुणाचा तिथे विसरून राहिला आहे. नारीनच्या डॉक्टरीण बाईंनी बजावलं होतं, की पहिले सहा महिने महत्त्वाचे आहेत. रोज एकेक बोट वेगळं हलवायला हवं. नंतर फार काही हाती लागणार नाही. त्यांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. कुबातनी दोन दिवसांत तो कुत्र्याला देऊन टाकला.

"मी काय तान्हं पोर आहे, चेंडू खेळायला?" एवढंच ते बोलले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

एजे भांडल्या नाहीत. त्या पाहत राहिल्या. गल्लीतून एखादा ट्रक चढणीवर गिअर बदलत गेला, की कुबातचा उजवा खांदा किंचित पुढे सरकायचा. आमच्याकडे स्टिअरिंग डावीकडे असतं, म्हणून गिअरची दांडी त्यांच्या उजव्या हाताला असायची. एजेंच्या ते ध्यानात आलं. त्या रात्रीचं जेवण करता करता त्यांनी ठरवून टाकलं, की डोलॉनच्या घाटाचा एक गेम करायचा. उजव्या हाताच्या चार बोटांखाली चार कळा, आणि समोर घाट.

अडचण एकच होती. एजेंनी आयुष्यात कधी गेम केला नव्हता. खेळलाही नव्हता.

त्यांचा धाकटा भाऊ तालाय बिश्केकला एका कंपनीत संगणक दुरुस्तीचं काम करतो. एका रविवारी तो घरच्या लोण्याच्या कत्तमा पोळ्या खायला आला आणि बरोबर एक मोठं सॉफ्टवेअर घेऊन आला. त्याने छाती पुढे काढून सांगितलं, की जगातले मोठमोठे गेम यातच बनतात, तेव्हा शिकायचं तर हेच शिकावं. त्याची माया खरी होती, मित्रांनो. पण ते सॉफ्टवेअर माझ्यात उतरायला दोन तास लागले. उघडायला रोज अकरा मिनिटं. माझा पंखा असा ओरडायचा की चुलीवरच्या किटलीचा आवाज ऐकू येईना. पडद्यावर शेकडो बटणं. एजेंनी त्यांची नावं वहीत उतरवून काढायला सुरुवात केली. पोस्टातली सवय. पाचव्या पानावर त्या थांबल्या, पण रोज दुपारी माझ्यासमोर बसायचं सोडलं नाही.

तीन आठवड्यांनी पडद्यावर एक रस्ता आला. रस्त्यावर कोणीतरी दुसऱ्याने बनवलेला, फार सुंदर, निळा ट्रक आला. एजेंनी कुबातना हाक मारली आणि गेम चालू केला. ट्रक रस्त्यातून आरपार खाली गेला आणि करड्या पोकळीत पडत राहिला. पडतच राहिला.

कुबात पलंगावरून पाहत होते. म्हणाले, "डोलॉनवरनं दरीत गेलेले पाहिलेत मी. रस्त्यातनंच खाली गेलेला हा पहिलाच."

एजे हसल्या नाहीत. पुन्हा चालू करायला गेल्या आणि तेवढ्यात मी बंद पडलो. मी फार तापलो होतो, माझा नाइलाज झाला. काळ्या पडद्यासमोर एजे हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी याला मारला."

"मेला नाही तो," कुबात म्हणाले. "पंखा ऐकला नाहीस का इतके दिवस? इंजिन तापतंय. उघड त्याला."

नंतर जे झालं ते मी विसरणार नाही. कुबात उठून टेबलाशी आले. डाव्या हाताने त्यांनी माझे स्क्रू काढले. झाकण घसरत होतं आणि एजे ब्रश आणायला आत गेल्या होत्या, म्हणून त्यांनी उजवा तळहात उचलून झाकणावर ठेवला आणि वजनाने दाबून धरला. माझ्या आत सतरा वर्षांची धूळ होती. पोत्यांचे धागे, उंदराचे केस, सुकलेल्या डिंकाचा एक तुकडा. एजे दारात आल्या, त्यांनी तो हात पाहिला. नुसता ब्रश पुढे केला. साफ झाल्यावर मी पुन्हा सुरू झालो, आणि माझा पंखा नवा असताना जसा फिरायचा तसा फिरला.

पण सॉफ्टवेअरचा प्रश्न तिथेच होता. नोव्हेंबर संपला होता. एजे शाळेत संगणक शिकवणाऱ्या बेगायीमला भेटल्या. ती तिशीची, तुटक बोलणारी बाई. ती घरी आली, तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कोणतं सॉफ्टवेअर चांगलं हे काही सांगेना. आधी गेम काय आहे ते विचारलं. एजे भरभरून बोलू लागल्या. घाट, बर्फ, आडव्या येणाऱ्या मेंढ्या, वाटेतली चहाची टपरी, बर्फात अडकलेली दुसरी गाडी, वर उडणारा गरुड.

बेगायीमने चहा संपवला. "एजे, आता एक कागद घ्या. पहिल्या गेममध्ये काय काय नको, ते लिहा."

एजेंनी गरुड खोडला. मग टपरी. मेंढ्या खोडताना थोडा वेळ लागला. शेवटी उरलं ते एवढंच: बाजूने दिसणारा चढ-उताराचा रस्ता, एक ट्रक आणि चार कळा.

"हे तर सपाट चित्र आहे," बेगायीम म्हणाली. "त्याला ते मोठं सॉफ्टवेअर कशाला? तुमचा संगणक म्हातारा आहे, आणि तुम्ही नवशिक्या आहात. दोघांना झेपेल ते बघा." तिने तीन लहान, फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं सांगितली. प्रत्येकाला एकच दुपार द्यायची. त्या दुपारी दुसरं काही करायचं नाही. पडद्यावर एक चौकोन काढायचा आणि कळ दाबून तो हलवायचा. ज्यात चौकोन हलेल, ते तुमचं.

पहिलं सॉफ्टवेअर दिसायला गोड होतं, पण ते इंटरनेटवरच चालायचं. कोचकोरला वारा सुटला की नेट जातं, आणि तिथे वारा रोजच सुटतो. दुपारभर पडदा पांढरा राहिला. दुसरं माझ्यात छान बसलं, पण त्यात सगळं लिहूनच करायचं होतं आणि धडे होते इंग्रजीत. एजेंना किरगिझ येतं, रशियन येतं. लाल अक्षरांत चूक दाखवली जायची, पण चूक काय ते कळायचं नाही. संध्याकाळी चौकोन होता तिथेच होता.

तिसरं इतकं लहान होतं की ते माझ्यात आलं कधी, हे मला कळलंही नाही. त्यात तयार वाक्यांचे ठोकळे होते, एकाखाली एक जोडायचे. ही कळ दाबली तर, हे चित्र, इतकं पुढे. धडे रशियनमध्ये. नेटची गरज नाही. चार वाजून दहा मिनिटांनी चौकोन हलला. एजेंनी कळ पुन्हा दाबली. पुन्हा हलला. त्या तो पुढे नेत राहिल्या, मागे आणत राहिल्या, आणि कुबातचा चहा निवून गेला.

तालायला फोनवर हे कळलं तेव्हा तो हिरमुसला. ते शाळकरी पोरांचं आहे, म्हणाला. उद्या मोठा गेम करायचा झाला तर सगळं पुन्हा शिकावं लागेल.

"लागेल तर शिकेन," एजे म्हणाल्या. "माझ्याकडे एप्रिलपर्यंतच वेळ आहे, तालाय."

त्यांचा ट्रक दोन चौकोनांचा आणि तीन गोलांचा होता. रस्ता म्हणजे एक वाकडी रेघ. सुंदर निळ्या ट्रकापुढे तो अगदीच गरीब दिसत होता. पण तो रस्त्यावरून खाली पडला नाही. एजेंनी कुबातना खेळायला सांगितलंच नाही. त्या स्वतःच खेळत बसल्या. घाटमाथ्यावरून त्यांनी ट्रक भरधाव सोडला.

मागून आवाज आला. "उतारावर वरचा गिअर? लोकांना मारशील तू."

"मग दाखवा कसं ते."

"काय दाखवू? हात कुठंय माझा?"

"मांडीवर आहे," एजे म्हणाल्या. "टेबल तिथनं दोन वितींवर आहे."

मग डाव्या हाताने उजवा हात उचलून कुबातनी तो माझ्या कीबोर्डवर आणून ठेवला. जड आणि गार होता तो. पहिल्या दिवशी एकही कळ दबली नाही आणि ट्रक घाटाच्या पहिल्याच वळणावर आदळला. कुबात उठून गेले. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी एजेंनी एका ठोकळ्यातला आकडा बदलला. ट्रक हळू झाला. तरी आदळला. त्यांनी तो आणखी हळू केला. शेवटी ट्रक वळणाशी येऊन चक्क थांबू लागला, बोटाची वाट पाहत. हे बदल त्या पाच मिनिटांत करायच्या, कोणाला विचारावं लागत नव्हतं. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांना हे जमलं असतं असं मला वाटत नाही, निदान त्या हिवाळ्यात तरी नाही. अकराव्या दिवशी तर्जनी हलली. कळ इतकी हलकी दबली की मी ती जवळजवळ चुकवली असती. पण मला समजलं, आणि ट्रकने गिअर बदलला.

कुबातनी पडद्याकडे पाहिलं, मग बोटाकडे. म्हणाले, "क्लच फार कडक ठेवलायस."

त्यानंतर ते दुरुस्त्याच सांगत सुटले. वळण असं नाही, चढ आणखी लांब आहे, इथे दुपारनंतर बर्फ कडक होतो. एजे बदलत गेल्या. मेंढ्यासुद्धा परत आल्या. फेब्रुवारीत मधलं बोट ब्रेक दाबू लागलं, मार्चमध्ये अनामिका हॉर्न. करंगळीला दिव्यांची कळ दिली होती. ती मात्र हलली नाही. म्हणून आमच्या घाटात ट्रक दिव्यांशिवायच चालतो.

एप्रिलमध्ये ती दोघं नारीनला गेली. काय झालं ते मला परत आल्यावर त्यांच्या बोलण्यातून कळलं. डॉक्टरीण बाईंनी एकेक बोट तपासलं, पुन्हा तपासलं, आणि काय केलंत म्हणून विचारलं. एजेंनी पेन ड्राइव्ह पुढे केला. वॉर्डातला संगणक माझ्याच वयाचा होता, पण आमचा छोटा गेम त्यात लगेच उघडला. कुबातनी सगळ्यांसमोर डोलॉन पार केला. करंगळीचं अजून सांगता येत नाही, बाई म्हणाल्या, पण थांबू नका.

वॉर्डातल्या एका पलंगावर सायरागुल नावाची एक बाई होती. लग्नकार्यांत कोमुझ, म्हणजे तीन तारांचं वाद्य, वाजवायची. तिचा डावा हात लुळा पडला होता. तिने गेम पाहिला आणि म्हणाली, की मला ट्रक येत नाही, मी काय करू? एजेंनी स्टूल ओढून घेतलं आणि विचारलं, "तुझं कोणतं बोट थोडं तरी हलतं?"

मित्रांनो, माझं आता किती आयुष्य उरलं आहे, मला ठाऊक नाही. तुमच्याही घरात माझ्यासारखा कोणी पोत्यांखाली पडून असेल. टाकून देण्याआधी त्याला एकदा उघडा, त्याची धूळ काढा, आणि मग त्याला झेपेल असं काम द्या. आपल्या कामाची एक प्रत दुसरीकडे ठेवत जा, कारण आम्ही न सांगता जातो. आणि पहिल्यांदा काही करायला बसाल, तेव्हा सर्वांत मोठं काय आहे हे विचारू नका. ते कुणासाठी करायचं आहे, तेवढं नक्की करून बसा.

नारीनहून आल्यावर एजेंनी डोक्यावरचा रुमालही सोडला नाही. त्यांनी मला सुरू केलं, नवी फाइल उघडली आणि तिला सायरागुल असं नाव दिलं. मग रिकाम्या पडद्यावर एकीशेजारी एक अशा तीन तारा ओढल्या.