राजपुत्र आणि बार्टलीची खरडपट्टी

बार्टली आणि नाब्लाच्या थोरल्या लेकीला, बार्ब्राला, बॉस्टनला जुळं झालं ते एकोणीसशे एकाहत्तर साल. तिचं पत्र आलं त्याच आठवड्यात आयर्लंडच्या कॉनेमारातल्या त्यांच्या टेकडीखालच्या घरात लिआदन नावाची मुलगी भलामोठा टेप रेकॉर्डर पोटाशी धरून शिरली. विद्यापीठात ती आयरिश वीरकथांवर एम.ए.चा प्रबंध लिहीत होती. बाकीच्या कथा तिला मिळाल्या होत्या. लाल ढालीच्या राजपुत्राची तेवढी अख्खी कुणाकडे नव्हती. ती होती बार्टलीकडे. निदान गाव तरी तसं म्हणायचं.

खरं तर ती बार्टलीच्या सासऱ्याची, कोल्मनची. कोल्मनला मुलगा नव्हता आणि वीरांच्या कथा पुरुषांनीच सांगायच्या अशी तिथली रीत. बायकांनी गाणी म्हणावीत, मेलेल्यांसाठी रडावं, कोण कुणाचा चुलत ते पाठ ठेवावं. म्हणून जाताना त्याने कथा जावयाला दिली. जावयाने ती एका कानाने घेतली. लेकीने, नाब्लाने, मात्र चुलीपाशी लोकर पिंजता पिंजता लहानपणीच शब्दन् शब्द उचलला होता. बाप जाऊन तीस वर्षं झाली. तेव्हापासून बार्टली चारचौघांत कथा सांगायचा, आणि तो अडला की नाब्ला कोंबड्यांवर ओरडायची.

आताही तसंच चाललं होतं. राजपुत्र समुद्रात असतानाच बार्टली अडला.

“शुक शुक! तीन दिवस झाले, आता किनाऱ्याला लाग की मेले!” नाब्ला ओरडली.

“तिसऱ्या दिवशी राजपुत्र किनाऱ्याला लागला,” बार्टली म्हणाला.

लिआदनने यंत्र थांबवलं. “नाब्ला, राग मानू नका. टेपवर फार आवाज येतोय. जरा बाहेर बसाल?”

“कोंबड्यांचा की माझा?”

“दोघांचाही.”

बार्टलीचा चेहरा उतरला. नाब्ला बाहेर जाऊन खिडकीखालच्या दगडावर बसली.

आत राजपुत्र राक्षसाच्या दारात पोचला. मग बराच वेळ शांतता. मग बार्टलीचा आवाज आला, “राक्षस म्हणाला, ये, आत ये, चहा घे.”

नाब्लाने डोळे मिटले. आत राजपुत्राने क्लिफडेनच्या बाजारात कालवड विकली, राक्षस सर्दीने मेला, राजपुत्राने त्याच्या विधवेशी लग्न केलं, दोघं बॉस्टनला गेली आणि त्यांना जुळं झालं.

“विलक्षण!” लिआदन ओरडली. “कुठल्याच हस्तलिखितात हे नाही! आमचे प्राध्यापक खुर्चीतून उडतील. उद्या यंत्र परत करायचंय, पण हरकत नाही. हेच प्रबंधात घालते.”

बापाचं आता या जगात एवढंच उरलं होतं, आणि ते कालवडीचा दोर धरून पुस्तकात जाणार होतं. नाब्ला उठली, आत गेली आणि बार्टलीच्या समोर बसली.

“चालू ठेव यंत्र, पोरी.”

“नाब्ला!” बार्टली घाबरला. “बाईने वीरकथा सांगितली तर गाव काय म्हणेल?”

“कथा कोण सांगतंय? मी नवऱ्याला बोल लावतेय. त्यासाठी बायकोला कुणाची परवानगी लागत नाही. राक्षसाने चहा दिला म्हणतोस? अरे गाढवा, राक्षसाने सात साखळ्यांचं दार एका हिसक्याने उघडलं आणि तीन तोंडांनी तीन शाप दिले! आणि राजपुत्राने काय केलं, सांग? कालवड विकली? झोपाळ्या, त्याने ढाल वाळूत रोवली आणि म्हणाला, ही पडेल तेव्हाच मी पडेन!”

ती दोन तास बोल लावत होती. लिआदनने दोनदा टेप बदलली. बार्टली मधूनमधून “चुकलं माझं” म्हणत होता, ते अगदी बरोबर जागी पडत होतं. शेवटी ढाल पडली, राजपुत्र पडला, तेव्हा बार्टलीने टोपी काढून मांडीवर ठेवली.

“मरतो होय तो?” तो हळूच म्हणाला. “मला इतकी वर्षं वाटायचं, वाचतो.”

“तू दर वेळी शेवटाच्या आधीच थांबून दारू मागायचास.”

निघताना लिआदनने वही उघडली. “सांगणाऱ्याचं नाव कुणाचं लिहू?”

“कथा कोल्मनची, असं मोठ्या अक्षरांत लिही,” नाब्ला म्हणाली. “ सांगणारा म्हणून ह्याचं नाव घाल, नाहीतर गावात तोंड दाखवायला जागा उरायची नाही त्याला. शिव्या तेवढ्या माझ्या नावावर लिही.”

प्रबंधात टेपवरचा शब्दन् शब्द उतरवावा लागतो. पुढच्या उन्हाळ्यात परीक्षकांनी विचारलं, एवढ्या गंभीर लढाईत दर चार ओळींनी ‘गाढवा’ कोणाला म्हटलंय? लिआदन म्हणाली, ही सांगण्याची त्या घराण्याची पद्धत आहे. परीक्षकांनी माना डोलावल्या, टिपून घेतलं आणि तिला पहिला वर्ग दिला. प्रबंधाची एक प्रत टपालाने आली. नाब्लाने बार्टलीकडून पहिलं पान तीनदा वाचून घेतलं. त्यावर कोल्मनचं नाव मोठ्या अक्षरांत होतं.

बार्टली एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत गेला. नाब्ला त्र्याऐंशीच्या सप्टेंबरात, एका मंगळवारी सकाळी गेली.