तांदळात लिहिलेलं नाव

सोमवारी दुपारी वरदा खांबेटे वॉटफर्डच्या शाळेत स्टुलावर चढून भिंतीवर कागद टोचत होती, आणि नेमका तेव्हाच तिच्या कार्डिगनच्या खिशात फोन थरथरला. बघितला नसता तर काय बिघडलं असतं? पण माणसाला दम कुठे असतो!

भिंतीवर मुलांनी रंगवलेली 'ब्रिटिश मूल्यं' लावायची होती. लोकशाही म्हणजे वर्गातल्या हॅम्स्टरला नाव ठेवायला घेतलेलं मतदान. कायद्याचं राज्य म्हणजे मिशीवाला पोलीस. व्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे झोक्यावर एकटीच बसलेली एक मुलगी. वरदा बारा वर्षं ह्या शाळेत टीचिंग असिस्टंट होती आणि दर वर्षी हा बोर्ड तीच लावायची, कारण तिचा कागद कधी वाकडा जात नसे.

मेसेज मिरजेहून होता, घरच्या ग्रुपवर, धाकट्या दिराचा, सुश्रुतचा. 'वहिनी, आईचं कपाट आवरताना बघा काय सापडलं!' आणि खाली एका जुन्या, पिवळ्या पडलेल्या रेशनकार्डाचा फोटो. सासरे, सासू, शशिकांत, सुश्रुत, आणि शेवटच्या ओळीत निळ्या शाईने: रोहिणी शशिकांत खांबेटे, वय २४, सून.

वरदा स्टुलावरून उतरली ती थेट खालच्या छोट्या खुर्चीवर बसली, सहा वर्षांच्या मुलांच्या. गुरुवारी तिला शपथ घ्यायची होती. रजिस्टर ऑफिसमध्ये, राजाच्या फोटोसमोर, ब्रिटिश नागरिकत्वाची. आणि त्या नागरिकत्वाच्या फॉर्मवर एक प्रश्न होता: आपण कधी दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखले गेला आहात का? तिने उत्तर दिलं होतं, नाही.

आता ही रोहिणी कोण, ते सांगायलाच हवं. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. लग्न लागलं, वरात दारात आली, माप ओलांडलं, की ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. मग पेढे वाटायचे, झालं बारसं! चोवीस वर्षांच्या घोडनवरीचं. नवरा शशी, म्हणजे चंद्र, तर चंद्राची लाडकी ती रोहिणी, असं सासूबाईंनी सहा महिने आधीच ठरवून टाकलं होतं. वरदाला कोण विचारतंय? तिचं नाव तिच्या वडिलांनी ठेवलं होतं. तिच्या जन्मानंतर ते महिनाभर ते नाव नुसतं म्हणून बघत होते म्हणे, अंघोळ करताना, सायकलवर बसताना.

वरदा भांडली नाही. तिने वेगळाच उपाय केला. कुणी 'रोहिणी' म्हटलं की तिला ऐकूच यायचं नाही. स्वयंपाकघरातून हाक मारा, माडीवरून मारा, बाई आपली मेथी निवडतेय. शेवटी कुणीतरी येऊन खांद्याला हात लावायचं. महिन्याभरात मिरजेत बातमी पसरली की खांबेट्यांची थोरली सून कानाने अधू आहे. सासूबाईंनी तिला कानाच्या डॉक्टरकडेसुद्धा नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. सासूबाई काय समजायचं ते समजल्या, पण त्याही हट्टी. रेशनकार्डावर आणि मतदारयादीत रोहिणीच घातली.

आणि शशी? तो आई आणि बायको यांच्या मध्ये सापडलेला. रोहिणी म्हणावं तर बायको ओ देत नाही, वरदा म्हणावं तर आईचं तोंड फुगतं. त्याने भित्र्या माणसाचा मधला मार्ग काढला. तो तिला 'अगं' म्हणायला लागला. अगं चहा टाक, अगं किल्ली कुठंय. त्याला वॉटफर्डच्या हॉस्पिटलात एक्स-रे विभागात नोकरी लागली, मिरज हजारो मैल मागे राहिली, आई जाऊनही दोन वर्षं झाली, तरी अगं ते अगंच.

म्हणून गेल्या वर्षी तो फॉर्म भरताना, म्हणजे तिचे वडील गेल्यावर भारताचा पासपोर्ट सोडायला तिचं मन एकदाचं तयार झालं तेव्हा, लेक तनिषा लॅपटॉपवर टाइप करत होती आणि तिने हा प्रश्न वाचला. वरदा इतक्या मोठ्याने 'नाही!' म्हणाली की तनिषाला हसू फुटलं. वरदाला तेव्हा काय आनंद झाला होता! शशी समोर मटार सोलत होता. त्याने मान वर केली, आणि पुन्हा मटार सोलायला लागला.

तो आनंद आता अंगाशी आला होता.

संध्याकाळी चहा निवून गेला तरी कुणी कपाला हात लावला नव्हता. तनिषाने फोटो मोठा करून बघितला. मराठी वाचायला तिला वेळ लागतो.

"आई, हू इज रोहिणी?"

सतरा वर्षांची पोर, आणि तिला आईचं हे नाव आज कळत होतं. वरदाने सांगितलं. तांदूळ, अंगठी, पेढे, सगळं. तनिषाचा चेहरा उतरत गेला.

"पण तो नो मी क्लिक केला. आई, माझ्या हाताने. देन वी बोथ लाइड."

"कुणी खोटं बोललेलं नाही," शशी म्हणाला. त्याचा आवाज मात्र बारीक झाला होता. "अळीमिळी गुपचिळी. मिरजेचं रेशनकार्ड इथे कोण वाचायला बसलंय? गुरुवारी जायचं, शपथ घ्यायची, सर्टिफिकेट घेऊन घरी यायचं."

"आणि नंतर कळलं तर? मंडळातल्या वीणाताई गणपतीत काय म्हणाल्या आठवतंय ना? त्यांच्या ओळखीत कुणीतरी जुनं नाव लपवलं, तर इतक्या वर्षांनी नागरिकत्व काढून घेतलं म्हणे."

"वीणाताईंच्या ओळखीत सगळ्यांचं सगळं होतं!"

"अहो, शाळेत लागताना पोलीस-तपासणीच्या फॉर्मवरसुद्धा मी हेच लिहिलंय. दुसरं नाव नाही. म्हणजे शाळाही गेली. खोटारडी म्हणून इथे राहायचा हक्कही काढून घेतला तर मी जाऊ कुठे? मिरजेला? तिथे माझं आहे कोण? माझी पोर इथे आहे."

सुश्रुतच्या मेसेजखाली घरच्या ग्रुपवर एव्हाना वीस जणांचे हसरे चेहरे जमले होते. 'रोहिणीवहिनी की जय,' कुणीतरी लिहिलं होतं. वरदाने फोन पालथा ठेवला. तिला वाटलं, एवढ्या वीस फोनांत आता तो पुरावा आहे.

मंगळवारी सकाळी शाळेत जायच्या आधी तिने धाकट्या बहिणीला फोन लावला. मंजिरी ॲडलेडला असते. तिथे तेव्हा संध्याकाळ. ती दोन वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियन नागरिक झाली, तेव्हा कौन्सिलने तिला एक रोपटं भेट दिलं होतं. बोलता बोलता त्यालाच पाणी घालत होती.

"घाबरतेस काय ताई? तुमच्याकडे मूल्यं भिंतीवर असतात, आमच्याकडे परीक्षेत. मूल्यांचे पाच प्रश्न, आणि पाचही बरोबर यावे लागतात. बाकी कितीही मार्क मिळव, ह्यातला एक चुकला की नापास. मी रात्रंदिवस घोकत होते. स्वातंत्र्य, आदर, सगळ्यांना समान संधी."

"मंजू, तुझंही नाव बदललं होतं ना? फॉर्मवर काय लिहिलंस?"

"दोन्ही लिहिली. मंजिरी आणि सासरचं मुक्ता. त्यात लपवायचं काय?"

वरदाला पुढचं काही ऐकूच आलं नाही. तीच आई, तेच वडील, तीच रीत, आणि धाकटीने सरळ दोन्ही नावं लिहून टाकली! म्हणजे लिहिता येत होतं. म्हणजे लोक लिहितात. आता 'मला वाटलं नाही' असं म्हणायलाही तोंड राहिलं नाही.

पुढचे दोन दिवस कसे गेले ते तिचं तिला माहीत. दारात टपाल पडलं की धस्स व्हायचं. शाळेच्या हेडने "वरदा, एक मिनिट" म्हटलं तर ती दार लावूनच समोर जाऊन उभी राहिली. हेडला फक्त स्टेपलर हवा होता. बुधवारी तिने एका मुलीला खडसावलं की खरं सांग, पेन कुणी मोडलं, आणि पोर रडत खरं बोलली. लोका सांगे ब्रह्मज्ञान! तिची नजर भिंतीवरच्या मूल्यांच्या बोर्डाकडे गेली आणि तिने झटकन पाठ फिरवली. कर नाही त्याला डर कशाला, असं वडील म्हणायचे. पण आपण केलंय की नाही केलंय, हेच तिला ठरवता येईना. ती त्या नावाने कधी जगली नव्हती. तिने आयुष्यात एकदाही त्या नावाने सही केली नव्हती. आणि तरीही ते निळ्या शाईत होतं.

गुरुवारी तिने वडिलांनी घेतलेली नारळीकाठाची साडी नेसली, वर जाड कोट. रजिस्टर ऑफिसच्या हॉलमध्ये तीसेक खुर्च्या, कोपऱ्यात झेंडा, भिंतीवर राजा. एक नायजेरियन कुटुंब आजीसकट फोटो काढत होतं. दाराजवळच्या टेबलाशी रजिस्ट्रार बसली होती, पांढऱ्या केसांची, चष्मा गळ्यात अडकवलेली. ती प्रत्येकाला कागद दाखवून एकच विचारत होती: इथली सगळी माहिती खरी आणि पूर्ण आहे ना? आणि प्रत्येक जण हसून 'येस' म्हणत होता.

"येस म्हण अगं," शशी मागून पुटपुटला. "नुसतं येस."

वरदाची पाळी आली. रजिस्ट्रारने तोच प्रश्न विचारला. वरदाने टेबलाची कड घट्ट धरली.

"नो," ती म्हणाली.

मागच्या रांगेतल्या माना वर झाल्या. रजिस्ट्रारने चष्मा डोळ्यांवर चढवला, टेबलाशी दुसऱ्या बाईला बसवलं आणि वरदा, शशी आणि तनिषाला शेजारच्या खोलीत नेलं. दार लागल्याचा आवाज झाला तेव्हा वरदाला वाटलं, संपलं. तिने इंग्रजीत पाठ केलेलं सगळं उलटसुलट सांगितलं. फोटो दाखवला. तांदळाचंही सांगितलं.

"तांदळात?" रजिस्ट्रारने विचारलं. "खायच्या?"

"न शिजवलेल्या."

बाई हसली नाही. तिने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, "आज मी तुम्हाला शपथ देऊ शकत नाही. हे मला वर कळवावं लागेल. तिथे काय ठरेल, ते मला सांगता येणार नाही. तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत, हे मी नक्की लिहीन."

वरदाने मान हलवली. तिला फक्त 'सांगता येणार नाही' एवढंच ऐकू आलं होतं. बाहेर हॉलमध्ये शपथेसाठी सगळे उठून उभे राहिल्याचा आवाज आला. तनिषाने आईचा हात धरला.

"हे नाव तुम्ही कधी वापरलंत?"

"कधीच नाही."

"ते ठेवायला तुमची संमती होती का?"

सव्वीस वर्षं झाली होती. तिच्या स्वतःच्या आईने विचारलं नव्हतं, भटजींनी विचारलं नव्हतं, पेढे खाणाऱ्या दोनशे माणसांत एकालाही सुचलं नव्हतं. आणि हे विचारत होती कोण, तर वॉटफर्डच्या सरकारी खोलीतली एक परकी बाई, हातात पेन घेऊन. वरदाने 'नो' म्हणायला तोंड उघडलं, तर डोळेच वाहायला लागले.

"मी लिहिलं ते," शशी एकदम म्हणाला. सरकारी टेबल दिसलं की ज्याची बोबडी वळते तो शशी. वरदाचा कोट दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा होता, आणि त्याचं इंग्रजी पार मोडलं होतं. "माझ्या हाताने. माझ्या अंगठीने. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. चूक तिची लिहू नका, माझी लिहा."

रजिस्ट्रारने त्याच्याकडे पाहिलं. "मग घरी तुम्ही त्यांना काय म्हणता?"

शशी कोटाच्या बटणाशी चाळा करायला लागला.

"ही कॉल्स हर अगं," तनिषा म्हणाली.

रजिस्ट्रारने पेन पुन्हा उचललं. "म्हणजे हे तिसरं नाव?"

तिघंही एकदम 'नो!' ओरडले. असल्या धास्तीतही तनिषाला हसू फुटलं, ते तिने ओढणीत दाबलं.

"ते नाव नाही," शशी म्हणाला. "मी भित्रा आहे म्हणून तसं म्हणतो." त्याने कागदाकडे बोट केलं. "नाव वरदा आहे. तेवढं एकच लिहा. वरदा."

शेवटी दोन कागदांवर सह्या झाल्या. ते बाहेर आले तेव्हा हॉलमधले लोक केक खात होते आणि नायजेरियन आजी सर्टिफिकेट उलटंसुलटं करून बघत होती. वरदाच्या हातात काहीच नव्हतं. पत्र यायला किती आठवडे लागतील, त्यात काय असेल, शाळेत उद्या हेडला कसं सांगायचं, सगळं अजून पुढेच होतं. दाराबाहेरचं गार वारं अंगावर आलं तसं तिला हुडहुडी भरली. ती तशीच पायऱ्या उतरायला लागली.

"वरदा," मागून शशीने हाक मारली. ते नाव त्याच्या जिभेला नवं होतं, थोडं अडखळलंच. "कोट राहिला तुझा."

कानाने अधू म्हणून मिरजेत नाव झालेल्या त्या बाईने पहिल्या हाकेला ओ दिली.