शेडच्या फटी

मी छत्तीस वर्षं शाळेची बस चालवली. इंजिनाला काय दुखतंय ते मला आवाजावरून कळतं. त्या मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरात चहा ओतताना मला कळलं, की शेडमधल्या भुसा ओढणाऱ्या पंख्याचं पुन्हा बिनसलंय. त्याचा नेहमीचा आवाज जड, पोटातून आल्यासारखा. आज तो बारीक झाला होता. कुणाला वाटेल, वा, मशीन किती हलकं चालतंय! पण पाइप तुंबला की पंख्याला ओढायला हवाच उरत नाही, म्हणून तो नुसताच गरगरतो. आणि पाइपात न गेलेला भुसा सरळ नेव्हिलच्या छातीत जातो.

नेव्हिल माझा नवरा. वय बहात्तर, त्यातली पन्नास वर्षं सुतारकीची, आणि फुफ्फुसांची त्यात वाट लागलेली. जवळच्या वँगरॅटा शहरातली डॉक्टर पेरेरा त्याला एका नळीत फुंकायला लावते आणि मग फुफ्फुसांचा जोर शंभरात किती उरलाय तो आकडा सांगते. ऑक्टोबरात एकसष्ट होता. जानेवारीत त्रेपन्न.

"पन्नासच्या खाली आलात, की शेडला कुलूप," ती म्हणाली होती. पुढची तपासणी आता परवावर, गुरुवारवर आली होती.

कुलूप लागलं तर काय होईल ते मला ठाऊक होतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आठ आठवडे तो शेडमध्ये गेला नव्हता. खुर्चीत बसून क्रिकेट बघायचा आणि विकेट पडली तरी त्याचा चेहरा हलायचा नाही. मला त्याचा श्वास हवा होता, आणि बुटात भुसा घेऊन घरभर फिरणारा, माझ्यावर खेकसणारा माणूसही हवा होता. याला कुणी हावरटपणा म्हणालं तर म्हणू दे.

नाताळपासून डोंगरापलीकडची जंगलं जळत होती. दोन दिवसांआड धूर खोऱ्यात उतरायचा, दोरीवरचे कपडे घरात घेईपर्यंत त्यांना वास लागलेला असायचा. इथं सगळे करतात तेच मी केलं. घराच्या खिडक्यांना टेप लावली, दारांखाली ओले टॉवेल कोंबले. मग शेडकडे वळले. पत्र्याच्या शेडला फटी काय कमी असतात? प्रत्येक सांध्यावर टेप, दाराच्या चौकटीला रबराची पट्टी, वरच्या झरोक्यांवर प्लास्टिक. जानेवारीचा आकडा ऐकून डॉक्टर म्हणाली, "धुरामुळे असेल." मी घरी आले आणि टेपचे आणखी दोन रोल संपवले. मुंगी शिरणार नाही अशी शेड केली आणि मगच मला जरा बरं वाटलं.

तर मंगळवारी मी चहाचा कप घेऊन शेडकडे गेले. हवा त्या दिवशी स्वच्छ होती. दार ओढलं, उघडेना. आतून कडी लावली असेल म्हणून हाका मारल्या, पण कानांवर आवाज अडवणारे मफ असताना त्याला तोफही ऐकू जात नाही. तो आत पडला असेल, असंच आलं मनात. कप जमिनीवर ठेवला, दोन्ही हातांनी मूठ धरली आणि पाय रोवून ओढलं.

दार सुटलं. माझ्या पाठीमागून वारा आत घुसला, एप्रन उडून पुढे गेला, आणि त्याच क्षणी पंख्याचा आवाज थोडा जड झाला.

नेव्हिल पडला नव्हता. फळीची जाडी रंधून कमी करायच्या मशीनपाशी पाठमोरा उभा होता. मी दार लोटलं. आवाज बारीक. पुन्हा उघडलं. आवाज खाली उतरला. तिसऱ्यांदा करून पाहिलं आणि मग कळलं. पंखा शेडमधली हवा ओढून बाहेर फेकतो. आत यायला हवेला मी वाटच ठेवली नव्हती; दारही त्या ओढीनंच चिकटलं होतं. ओढ कमी पडली की भुसा पाइपाच्या तळाशी बसत जाणार आणि वळणावर जाऊन गच्च होणार. हे मला, इंजिनं ऐकणाऱ्या बाईला, सात आठवड्यांत सुचलं नव्हतं.

नेव्हिलनं पंखा बंद केला. मी आलेय हे त्यानं पाहिलं नव्हतं. त्यानं पाइपाच्या वळणाखाली बादली सरकवली, क्लिप काढली आणि खिळ्यावरून तारेचा एक आकडा उतरवला. आकड्याला लाकडी मूठ होती, लेथवर घोटून केलेली, हाताळून काळी पडलेली. एकदाच करायच्या कामासाठी कुणी अशी मूठ करत बसत नाही.

"नेव्हिल."

तो दचकला. मफ काढले. "अगं, चहा कुठाय?"

"हे किती वेळा करतोस?"

"काय?"

"नेव्हिल, मला बनवू नकोस."

त्यानं आकड्याकडे पाहिलं. "सकाळी एकदा. दुपारी एकदा."

"रोज?"

"रंधा जास्त मारला तर तीनदा."

पाइप उघडला की पिठासारखा भुसा तोंडावर येतो. त्याला मास्क आहे, पण दाढीमुळे तो कडेनं उघडाच राहतो. दाढी काढ म्हणून मी जीभ झिजवली आहे.

"कशानं तुंबतो ते माहीत आहे तुला?"

"केलला विचारलं होतं." केल म्हणजे त्याचा मित्र, त्यानंच पाइप बसवून दिले होते. "तो म्हणाला, शेड आहे का लोणच्याची बरणी? टेप काढ, आपोआप ओढेल."

"कधी म्हणाला?"

"झाले तीनेक आठवडे."

"आणि तू गप्प बसलास?"

"तू किती घाबरली होतीस, ग्लेनिस. टेप लावल्यावर रात्री झोपायला लागलीस. म्हटलं, राहू दे, एवढं साफ करायला काय लागतं?"

मला भयंकर राग आला. त्याचा आला, त्याहून जास्त स्वतःचा आला.

"गाढवा," मी म्हटलं. "मास्क दे इकडे आणि बाहेर हो."

"तुला जमणार नाही."

"बाहेर हो म्हटलं ना."

तो गेला. मी मास्क घट्ट बांधला, आकडा आत घातला आणि ओढला. मुठीएवढा दाबलेला भुसा सुटला, मागोमाग अर्धी बादली, आणि बारीक धूळ उन्हात तरंगत राहिली. तो हे रोज दोनदा श्वासात घेत होता. मग स्टूल ओढून मी झरोक्यांवरचं प्लास्टिक फाडलं आणि सगळी टेप ओरबाडून काढली. धुराच्या दिवशी मशीन बंद, बाकीच्या दिवशी दार सताड उघडं, असं मी त्याला बजावलं.

गुरुवारी तो नळीत फुंकत होता आणि मी पर्सचा पट्टा पिळत होते. तीन संधी असतात, सगळ्यात चांगली धरतात. पहिल्यांदा अठ्ठेचाळीस. दुसऱ्यांदा एकोणपन्नास.

"धूर भोवला," डॉक्टर पेरेरा म्हणाली.

"धूर नाही," मी म्हटलं. "मी." आणि तिला टेप, पाइप, आकडा, सगळं सांगितलं.

"तिनं टेप लावली, तोंड मी बंद ठेवलं," नेव्हिल म्हणाला. मग सरळ बसला, डोळे मिटले आणि फुंकलं, चेहरा जांभळा होईपर्यंत. खोकत खोकत नळी सोडली.

डॉक्टरनं पडद्याकडे पाहिलं. "पन्नास."

"पन्नास म्हणजे पन्नासच्या खाली नाही," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "एक महिना देते," ती म्हणाली. "पण तो पाइप यांनी उघडायचा नाही."

"मी उघडेन," मी म्हटलं.

"मग पुढच्या वेळी," नवा कागद घेत ती म्हणाली, "तुम्हीही फुंकायचं."