इंजिनातला ऑरव्हिल

सप्टेंबरातल्या पहिल्या रविवारी ॲश हॉलोच्या जुन्या मालधक्क्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी तिथं आम्ही छोट्या रेल्वेच्या क्लबातले नऊ म्हातारे जमायचो. (लोक आमच्या गाड्यांना खेळणी म्हणतात. आम्हाला राग येतो, पण असो.) त्या दुपारी साठेक माणसं होती, आणि टेबलावरच्या हातभर रुळावर एकच इंजिन उभं होतं. निळं, वीतभर लांब, क्रमांक ४१८७. ते माझ्या मित्राचं, ऑरव्हिल स्टॅम्बाचं. याच क्रमांकाचं खरं इंजिन त्यानं कित्येक वर्षं चालवलं होतं. एप्रिलमध्ये तो वारला.

इंजिनामागे ब्रदर थॅडियस उभा होता, मेलेल्यांशी बोलणं करून देतो म्हणणारा फिरता उपदेशक. उजवा हात छताकडे, डावा कोटाच्या आत, हृदयावर.

“मंडळी, यंत्राला तोंड नसतं! पण प्रेमाला कोण अडवणार? लेनोरा, विचार त्याला.”

ऑरव्हिलची बायको पुढे आली. तिच्या छातीत गाठ सापडली होती आणि मंगळवारी ऑपरेशन ठरलं होतं.

“ऑरव्हिल,” ती म्हणाली, “मला फार भीती वाटतेय रे. जाऊ का मंगळवारी?”

छोटं इंजिन धडधडायला लागलं. भोंगा वाजला, दोन लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब. शेवटचा सूर जरासा खाली ओढलेला. तसा ओढायचा फक्त ऑरव्हिल. मग वायरलेसची खरखर, आणि त्याचाच घोगरा आवाज: “थांब. आहेस तिथंच थांब.”

बायका हुंदके देऊ लागल्या. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या गार्डानं टोपी काढली. आणि लेनोरानं ऑपरेशन रद्द केलं.

पुढच्या रविवारी तिनं विचारलं, “किती थांबू?”

इंजिन म्हणालं, “आणखी तीन डबे.”

“तीन!” ब्रदर ओरडला. “ऐकलंत? तीन महिने! तीन महिन्यांत गाठ विरघळणार. वरून हुकूम आलाय!”

आता हे गाव रेल्वेवर जगलेलं. गाडी मागे घेताना खाली उभा असलेला माणूस ड्रायव्हरला वायरलेसवर सांगतो, आणखी तीन डब्यांइतकं अंतर उरलंय, दोन उरलेत, एक उरलाय, थांब. खोलीतल्या निम्म्या लोकांनी जन्मभर हेच केलं होतं. तरी एकानंही तोंड उघडलं नाही. ऑरव्हिल बोलतोय म्हटल्यावर तो काय बोलतोय याचा विचार कोण करणार?

मला तर त्याहून जास्त ठाऊक होतं. “आणखी तीन डबे”च्या आधी कुणीतरी खोकतं. तो खोकला माझा आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, ऑरव्हिलच्या गॅरेजमध्ये, डोक्यावर गोधडी घेऊन मी माइक धरला होता. खालचा माणूस आणि ड्रायव्हर, दोघांचं बोलणं तोच बोलला. मला खोकला आला.

“पुन्हा घेऊ या?” मी म्हटलं.

“राहू दे रे क्लेम. यार्डात कोण खोकत नाही? उलट खरं वाटेल.”

मग आम्ही ते सगळं नखाएवढ्या चिपमध्ये भरून इंजिनात बसवलं.

मी गावच्या शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं. पहिल्याच रविवारी मी उठून बोलायला हवं होतं. बोललो नाही. मेलेल्या मित्राचा आवाज पाच महिन्यांनी कानावर पडला होता आणि मला तो पुन्हा ऐकायचा होता. उद्या सांगू, परवा सांगू म्हणत चार रविवार मी मान खाली घालून ऐकत बसलो. ब्रदरला लबाड म्हणताना माझी जीभ इथं अडखळते.

चौथ्या रविवारी लेनोरा सगळ्यांना सफरचंदाचा केक वाढत होती, डाव्या हातानं.

“उजव्याला काय झालं?” मी विचारलं.

“वर जात नाही. पण अडीचच महिने उरलेत की, क्लेम!” ती हसून म्हणाली.

पाचव्या रविवारी मी खिशात इंजिनं चालवायचा माझा रिमोट घालून गेलो.

“ब्रदर,” मी उभा राहून म्हटलं, “दोन्ही हात वर करा बरं.”

“कशासाठी?”

“प्रेमाला कोण अडवणार म्हणालात ना? मग त्याला तुमचा डावा हात कशाला लागतो?”

लोक हसले. नाइलाजानं त्यानं दोन्ही हात वर केले. आमच्या क्लबात इंजिनावर रंगवलेला आकडा हाच रिमोटवरचा त्याचा क्रमांक, हा नियम. मी ४१८७ आधीच लावून ठेवला होता.

“ऑरव्हिल, चंद्र चीजचा आहे का रे?” मी बटण दाबलं.

खोकला. “आणखी तीन डबे.”

“तुझ्या बायकोचं नाव काय?”

खोकला. “आणखी तीन डबे.”

आता कुणी हसलं नाही. मी रिमोट सगळ्यांना दाखवला, स्क्रू काढून इंजिनाचं वरचं कवच उचललं, आतली चिप आणि नाण्याएवढा स्पीकर दाखवला. म्हाताऱ्या गार्डानं ब्रदरच्या कोटात हात घातला. तसाच दुसरा रिमोट निघाला.

“शंका आली की आत्मा निघून जातो!” ब्रदर किंचाळला.

“आत्मा नाही गेला, तुमचा हात कोटातून बाहेर आलाय,” मी म्हटलं. तो मागच्या दारानं सटकला.

लेनोरा जागची हलली नव्हती. “म्हणजे तो यात नाहीये.”

“नाहीये.”

“आणि तो खोकणारा तू.”

“मी.”

“म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं?”

मी होकारार्थी मान हलवली. तिनं कोट घेतला आणि एकटी घरी चालत गेली.

पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. रोग पसरला होता. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या पाच आठवड्यांनी किती फरक पडला? त्या म्हणाल्या, नक्की कुणालाच सांगता येणार नाही. मी पुराव्यावर विश्वास ठेवणारा माणूस. मला सोडवील असा पुरावा नाही.

मार्चमध्ये तिचा निरोप आला, इंजिन घेऊन ये. मी तिच्या पांघरुणावर ट्रे ठेवला, त्यावर रूळ मांडला.

“ते काय आहे हे मला कळतं, क्लेम. मी काही विचारणार नाही. नुसतं वाजव.”

भोंगा झाला, खोकला झाला, तीन डबे झाले. ती डोळे मिटून ऐकत होती.

“चांगलं केलंत रे दोघांनी.”

“खोकला काढून टाकता येईल,” मी म्हटलं.

“नको. पुन्हा लाव.”

सोळा दिवसांनी ती गेली.

म्हणून सांगतो. आपल्या माणसांचे आवाज जपून ठेवा, ऐका, ऐकून रडा. पण त्यांना प्रश्न विचारू नका, ते उत्तर देऊ शकत नाहीत. गाठ आली तर डॉक्टरला विचारा. आणि आवाज कुठून येतोय हे तुम्हाला ठाऊक असेल, तर पहिल्याच रविवारी उठून सांगा. मी पाचव्या रविवारी सांगितलं.