मी कवचं फोडली नाहीत

मी एक जुनी दाढ आहे. जुनी म्हणजे थेट पंधरा लाख वर्षांची. तेव्हा मित्रांनो, मला ‘अगं’ म्हणण्याआधी जरा विचार करा.

माझा जन्म तुर्काना सरोवराच्या काठी एका पोराच्या हिरडीत झाला. ते पोर पुरतं माणूसही नव्हतं आणि वानरही नव्हतं. मी हिरडीच्या आत घडत होते, तेव्हा ते जे खायचं त्याचा अंश माझ्या अंगात मुरत होता. बाहेर आले आणि कामाला जुंपले गेले. दिवसभर चावायचं, दुसरा उद्योग नाही! पुढे धनी गेला, चिखलाने मला पोटात घेतलं आणि मी दगड झाले.

मग एके दिवशी न्झिओका नावाच्या माणसाने रणरणत्या उन्हात रांगत रांगत मला शोधून काढलं. जन्मभर त्यांनी हरणांचे नि डुकरांचे दात वेचले. माणसाच्या कुळातली त्यांना सापडलेली मी एकटीच. त्या रात्री ते आनंदाच्या भरात जेवलेच नाहीत.

नैरोबीच्या संग्रहालयात माझा आकार पाहून सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. एवढी जाडजूड दाढ म्हणजे टणक बियाच फोडत असणार! लगेच पाटी लागली, ‘कवचफोड्या’. शाळेची मुलं यायची, वा वा करायची. मला ओरडून सांगावंसं वाटे, की मी एकही कवच फोडलेलं नाही. पण दाढेला कुठलं आलंय तोंड? पुढे नव्या कवट्या आल्या आणि माझी रवानगी खणात झाली. तिथे मला फार एकटं वाटे.

खणांच्या किल्ल्या न्झिओकांच्या लेकीकडे, कावाताकडे होत्या. एकदा चेरोनो नावाची संशोधक तिच्याकडे आली.

“कावाताताई, या दाढेची चिमूटभर पूड हवी. हिने काय खाल्लं ते कळेल.”

“पूड? माझ्या बाबांना एवढी एकच सापडलीय जन्मात. तुझ्या यंत्राखाली फुटली तर?”

“आधी डुकराच्या जुन्या दातावर करून दाखवते.”

“दाखव. त्याला तडा गेला तर चहा पी आणि घरी जा.”

डुकराचा दात शाबूत राहिला. तरी कावाताचा जीव होईना. शेवटी न्झिओकांना बोलावलं. सगळे त्यांना आदराने मझे, म्हणजे बुजुर्ग, म्हणतात. मझे काठी टेकत आले आणि बराच वेळ मला तळहातावर घेऊन बसले.

“बाबा, फुटली तर परत मिळायची नाही हो.”

“ठाऊक आहे गं. पण मी हिला झोपवायला आणली होती का? घासू दे त्या पोरीला.”

आधीच तुटलेल्या कडेवर बारीकशी सुई फिरली. मित्रांनो, मी घाबरले होते! कावाताने तर डोळेच मिटून घेतले. पण मी टिकले.

मग पुडीची तपासणी झाली. झाडांच्या फळापानांतला कार्बन हलका आणि उन्हातल्या गवताचा किंचित जड. माझ्यात जडच निघाला, आणि तोही भरपूर.

“मझे, तुमचा कवचफोड्या गवत नि लव्हाळी चघळत होता,” चेरोनो म्हणाली.

मझ्यांचा चेहरा पडला. “गवत? अरे देवा! आयुष्यात एक सापडला, तो पण बैल?”

“तुम्ही रोज उगाली कशाची खाता?”

“मक्याच्या पिठाची, घट्ट शिजवलेली. का?”

“मका म्हणजे गवताच्याच कुळातला. तुमचा दात तपासला तर तुम्हीसुद्धा बैलच ठराल!”

“तपासायला यांच्या तोंडात दात आहेत कुठे!” कावाता म्हणाली, आणि मझे उरलेले दोन दात दाखवत इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले, कुणाला दिसलं नाही इतकंच. पंधरा लाख वर्षांनी कुणीतरी माझं ऐकलं होतं.

आता मी पुन्हा काचेच्या कपाटात असते. पाटी बदलली आहे. परवा एका मुलीने माझ्या कडेवरची खाच पाहून विचारलं, “हिला कीड लागली होती का?”

कावाता खाली वाकली. “नाही गं राणी. तिथूनच तर बोलली ती.”

मित्रांनो, जुनं काही हाती लागलं तर ते जिवापाड जपा. फक्त नुसतं बघून त्याची गोष्ट तुम्हीच रचू नका. आधी त्याला विचारा.