चुन्याची रेघ

"मानसिंगरावांकडं लिफ्टवर हेच काम दीड तासात हुतं म्हनं," रोहिणी म्हणाली.

सावळाराम तिच्या व्हॅनखाली उताणा पडून काम करत होता. वरकुट्याच्या या बाईचे पेरू रोज बारामतीला जात. मागचा एक्सल बदलायला ती इंदापूर रस्त्यावरच्या मानसिंगच्या गॅरेजात न जाता पिंपळीला, त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आली होती. सकाळपासून तो हेच मनात घोळवत होता.

"लवकर हुतं," तो शेवटी म्हणाला. "पन टांगल्या गाडीचंच नट आवळत असंल त्यो. चाकं भुईला टेकवायची, माल भरायचा, स्प्रिंगचं पाटं दबलं की मग शेवटचा पान्हा. मीच शिकवलंय त्याला."

स्वतःचे गॅरेज काढण्याआधी बावीस वर्षे मानसिंग याच शेडमध्ये होता. एक्सलचे एक टोक तो धरायचा, दुसरे सावळाराम. आज एक टोक जॅकवर होते, दुसरे सावळारामच्या छातीवर. जुना एक्सल कालच काढून ठेवला होता. नवा पाट्यांखाली नेमका बसवण्यातच तास गेला.

"किती वाजलं?"

"अकरा वाजून गेलं."

दहाला सुरुवात केली होती. त्याने भराभर आठही नट आवळले. तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीपर्यंत रेघ ओढली. नट फिरला की रेघ तुटते. ही खूण त्या दोघांचीच. मग जॅक उतरवला.

"माल भरायचा न्हाय का, तात्या?"

"ऱ्हाऊ द्या. बसलंय चांगलं. मानसिंग भेटला तर सांगा, सव्वा तास लागला."

चार दिवसांनी ती पुन्हा आली.

"काल माल भरला आन् मागं धक्का बसाय लागला. मानसिंगरावांचं ग्यारेज म्होरंच हुतं."

सावळारामने हातातला पान्हा खाली ठेवला. "काय म्हनला?"

"म्हनले, तात्यांच्या कामात तपासायसारखं काय नसतं. नवा एक्सल हाय, वझं पडल्यावर एकदा आवळावाच लागतो. भरल्या गाडीखालीच शिरले."

"लिफ्टवर न्हाय घेतली?"

"मी म्हनलं, घ्या की. तर म्हनले, तात्या रागवत्याल."

"सव्वा तासाचं सांगितलं?"

"सांगितलं. म्हनले, एकट्यानं?"

सावळाराम गुडघे टेकून वाकला. आठही नटांवर त्याची रेघ तुटली होती. अर्धी नटावर, अर्धी पट्टीवर, मध्ये बोटभर अंतर. नट तेवढे सैल राहिले होते. शेजारी नवी रेघ होती, पातळ आणि सरळ.

मानसिंग तंबाखू खात नसे. तरी चुना त्याने जवळ ठेवला होता.

"काय दिसलं का, तात्या?"

"रेघ माझ्यापेक्षा सरळ वडतो," सावळाराम वाकूनच म्हणाला.