कृपेचा करंट

रविवारी सकाळी आठलाच रांग मराठी मंडळींच्या देवीच्या देवळाच्या पायऱ्या उतरून, कोपऱ्यावरच्या दूधकेंद्राला वळसा घालून पार्कपर्यंत पोचली होती. फरीदाबादच्या त्या सेक्टरात एवढी गर्दी एरवी फक्त पाण्याच्या टँकरभोवती दिसायची. टँकरपाशी लोक भांडायचे. इथे सगळे हात जोडून उभे होते.

सभामंडपात ऊर्जानाथ महाराज गादीवर बसले होते. समोर फरशीवर तांब्याच्या पादुका आणि त्यांच्या पुढ्यात लाकडी ठोकळ्यात रोवलेला पितळी त्रिशूळ. भक्तानं ओल्या पायांनी पादुकांवर उभं राहायचं आणि दोन्ही हातांनी त्रिशूळ धरायचा. महाराज डोळे मिटत आणि भक्ताच्या हातापायांतून सरसर झिणझिण्या जात.

"लगा करंट?" महाराज विचारत.

"लगा, महाराज."

"वो करंट नहीं बेटा, कृपा है. सीधी देवी के पावरहाउस से."

एखाद्यानं शंका काढली, की त्याला नेमकं काहीच जाणवत नसे. महाराज उदासपणे मान हलवत. "तुम्हारा कनेक्शन ढीला है. अगले संडे आना." प्रमोशनच्या यादीतून नाव गळाल्यासारखा चेहरा करून तो माणूस बाजूला होई.

देवळाचे पुजारी हिंमतराव थोपटे गाभाऱ्याच्या दारातून हे पाहत होते. लोक त्यांना कर्नल गुरुजी म्हणत, आणि दोन्ही शब्द खरे होते. तीस वर्षं त्यांनी सैन्याच्या इंजिनिअर दलात पूल बांधले, सुरुंग काढले, बर्फात जनरेटर चालू ठेवले. एकदा रस्ता बंद झाल्यानं पलटणीचे पंडितजी चौकीवर पोचू शकले नाहीत, तेव्हा एका जवानाचे अंत्यसंस्कार हिंमतरावांनीच पुस्तकातून वाचून केले. वाचलेला एक शब्द त्यांना कळला नव्हता, आणि त्याची लाज पुढे कित्येक वर्षं टोचत राहिली. निवृत्तीनंतर बरोबरीचे अधिकारी सिक्युरिटी कंपन्यांत गेले. हिंमतराव पुण्याला जाऊन दोन वर्षं पौरोहित्य शिकले. भोरकडच्या शेतकऱ्याचा हा मुलगा पन्नाशीनंतर मागच्या बाकावर बसून संस्कृतचे संधी सोडवत होता.

पहिल्या रविवारी त्यांनीही त्रिशूळ धरला होता. झिणझिण्या आल्या तेव्हा क्षणभर, अगदी क्षणभरच, हे खरं असावं असं त्यांना वाटलं. रोज पूजा करूनही त्यांच्या अंगावर असा काटा कधी आला नव्हता. घरी आल्यावर मात्र त्यांनी पत्नीला, वृंदाला सांगितलं, "देवीची कृपा विजेच्या शॉकसारखी थरथरते, असं काही मी शिकलो नाही."

"मग बोला ना तसं."

"अण्णासाहेबांना काय सांगू?"

अडचण तीच होती. अण्णासाहेब देवस्थान समितीचे अध्यक्ष. महाराजांना त्यांनीच आणलं होतं, कारण त्यांच्या पत्नीचं, चंद्रप्रभाबाईंचं हृदय अशक्त होतं. गेले तीन रविवार चंद्रप्रभाबाई त्रिशूळ धरत होत्या आणि बरं वाटतंय म्हणत होत्या.

आज चौथा रविवार. त्यांनी त्रिशूळ धरला, महाराजांनी डोळे मिटले आणि बाई कोसळल्या.

"समाधी लग गयी," महाराज म्हणाले. गर्दीनं जयजयकार केला.

वृंदाताई लष्करी इस्पितळात नर्स होत्या. त्यांनी धावत जाऊन नाडी पाहिली. "ठोके चुकतायत. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. यांच्या गोळ्या कुठे आहेत?"

अण्णासाहेब चाचरले. "बंद केल्यात. महाराज म्हणाले, दोन पावर एकत्र चालत नाहीत."

चंद्रप्रभाबाईंनी डोळे उघडले. महाराजांनी हात पुढे केला. "आओ माताजी, दूसरी डोज़."

त्या उठू लागल्या तसे हिंमतराव मध्ये येऊन उभे राहिले. "आधी मला घेऊ द्या."

"बिल्कुल. आइए पंडितजी."

हिंमतराव पाय ओले करून पादुकांवर उभे राहिले. महाराजांनी डोळे मिटताच त्यांनी खिशातून एक साधा टेस्टर काढला, त्याच्या मागच्या टोपीवर बोट ठेवलं आणि टोक त्रिशूळाला लावलं. टेस्टरमधला दिवा लाल झाला.

"महाराज, माझ्या टेस्टरची श्रद्धा दांडगी दिसतेय."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. हिंमतरावांनी गाभाऱ्यातला कोरडा पाट आणून पादुकांवर ठेवला आणि त्यावर उभं राहून दोन्ही हातांनी त्रिशूळ घट्ट धरला. काही झालं नाही.

"देवीच्या कृपेला इंचभर लाकूड ओलांडता येत नाही?"

"तुम्हारे मन में संशय है," महाराज कडाडले.

"मन तेच आहे. फक्त पाट मध्ये आलाय."

मग ते वाकले आणि त्यांनी पादुका उचलल्या. खालून एक वायर गादीपुढच्या सतरंजीखाली शिरली होती, दुसरी त्रिशूळाच्या ठोकळ्यातून येऊन तिच्या शेजारून गेली होती. दोन्हींचा माग काढत ते गादीपाशी पोचले. महाराज उठायला तयार नव्हते. अण्णासाहेब पुढे आले. "उठिए," ते म्हणाले.

गादीखाली बॅटरी होती आणि जत्रेत हौशी लोकांना शॉक देणारं यंत्र असतं, तसलं एक यंत्र. महाराजांच्या गुडघ्याखाली बटण. गुडघा दाबला की कृपा, उचलला की ढीलं कनेक्शन. ओल्या पायांतून वीज सहज जाते, म्हणून पाय धुवायचे.

महाराजांनी मागच्या दाराकडे पाहिलं. तिथे रांगेतलेच चार जण हात बांधून उभे होते. पोलिसांची गाडी येईपर्यंत महाराज पावरहाउसबद्दल काही बोलले नाहीत.

चंद्रप्रभाबाई पाच दिवस इस्पितळात होत्या. हिंमतराव भेटायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "गुरुजी, मला खरंच बरं वाटत होतं हो. ते पण खोटं?"

"बरं वाटणं खरं. त्याचं सांगितलेलं कारण खोटं. तेवढ्या वेळात आजार मात्र वाढत होता."

"आणि तुमच्या मंत्रांनी?"

"मंत्रांनी मन निवतं, चंद्रप्रभाताई. हृदयाला औषधाची गोळी लागते. सकाळची घेतलीत का?"

पुढच्या रविवारी रांग नव्हती; आरतीला नेहमीची तीस-चाळीस माणसं होती. प्रसाद वाटण्याआधी हिंमतराव त्यांना म्हणाले, "कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी खाली वाकून बघा. प्रश्न विचारा. प्रश्न विचारल्यावर जो चिडतो, त्याच्या सांगण्यावरून औषध सोडू नका. देवी रागावेल ही भीती नको. मी तिला रोज प्रश्न विचारतो, आणि अजून तिनं मला नोकरीवरून काढलेलं नाही."

सगळ्यात आधी अण्णासाहेब हसले.